प्रो. प्रा.

नांदूरघाटच्या रतनबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सुंदरराव देवकते तीन वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून गेलं. नळ बंद करायचा राहून जातो, कुलूप लावायचं राहून जातं, तसं. पण ते निळं आंतरदेशीय पत्र त्यांनी चौघडी घालून जुन्या शब्दकोशात ठेवलं होतं, शब्दकोश वरच्या फळीवर सरकवला होता आणि त्याच्यापुढे मुलीच्या, मोहिनीच्या, लग्नातला फोटो उभा केला होता. चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कारकुनी केलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की पुस्तक हरवणं वेगळं आणि कुणाच्या हाती लागू नये म्हणून ते चुकीच्या कपाटात खुपसणं वेगळं. शिवाय पत्र त्यांच्या नावाचं नव्हतंच. पत्त्यावर लिहिलं होतं, 'मालकीणबाई, तुळजा येसर, अंबाजोगाई'. पोस्टमन सोमनाथनं ते दारात धरून विचारलं होतं, "सर, पाटीवर तर तुमचं नाव हाय. ह्या मालकीणबाई कोण?" सुंदरराव कसंनुसं हसले होते आणि पत्र घेऊन आत गेले होते.

ते पत्र त्यांना आज जुलैतल्या भर दुपारी, जीवन गित्तेच्या ऑफिसात, एका शब्दानं आठवलं. शब्द साधा होता. मदत. जीवन हा त्यांच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी, आता कर सल्लागार. कॉलेजच्या तीन वर्षांत त्यानं ग्रंथालयातून एकच पुस्तक नेलं होतं आणि तेही परत केलं नव्हतं. दरवर्षी विवरणपत्र भरायला त्याच्यासमोर बसलं की सुंदररावांना त्या पुस्तकाचा नोंदवहीतला दाखल नंबर आठवायचा आणि ते बोलायचे नाहीत. आजही नेहमीसारखंच चाललं होतं. आधी पेन्शनचे आकडे झाले. ते सुंदररावांच्या हातातल्या कागदावरच होते, जीवननं बघून बघून भरले. मग "आता धंदा" असं म्हणून त्यानं चाकाची खुर्ची सुंदररावांकडून त्यांच्या बायकोकडे, तुळजाबाईंकडे फिरवली. दिवा एका खोलीतला मालवून दुसऱ्या खोलीतला लावावा इतक्या सहज. "काकू, एकतीस मार्चला माल किती शिल्लक होता?" तुळजाबाईंनी पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असावं तशा सांगू लागल्या. "ब्याडगी दोन पोती. धने अर्धं. दगडफूल एक डबा, त्यातलं खालचं ओलं निघालं, त्ये धरू नको. तयार येसर चाळीस पुडे, अन् काळा मसाला मोजला न्हाई, पन सत्तरच्या आसपास आसंल. लातूरच्या दुकानदाराकडून यायचंय. त्यो दसऱ्याला देतो, त्याची बायको माळकरी हाय, खोटं बोलत न्हाई." जीवन टाइप करत होता. तुळजाबाईंच्या तोंडून निघालेला प्रत्येक आकडा पडद्यावर सुंदररावांच्या नावाखाली जाऊन बसत होता. सुंदरराव मधल्या खुर्चीवर, दोघांच्या मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी जीवननं हात झटकले आणि कौतुकानं म्हणाला, "काकू, तुमी सरांना लई मदत करता."

"करते की," तुळजाबाई म्हणाल्या. "जेवायला बी मीच मदत करते. त्येंनी निस्तं तोंड उघडायचं."

जीवन खो खो हसला. सुंदररावही हसले, सवयीनं. आणि हसता हसता, मिरची भाजताना उठलेला तिखट धूर घशात अडकावा तसं त्यांचं हसू अडकलं. ते खोकले. डोळ्यांत पाणी आलं. मदत. कुणाची कुणाला? अकरा वर्षांपूर्वी, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, ह्याच बाईनं स्वयंपाकघरात येसर भाजायला घेतला होता. आमटीला लावायचं ते पीठ, गहू, हरभरा आणि मसाले भाजून केलेलं. मराठवाड्यात घरोघरी होतं, पण तुळजाबाईंच्या हातचं शेजारणींनी मागून नेलं, मग शेजारणींच्या सुनांनी माहेरी नेलं, मग मेडिकल कॉलेजातल्या नर्सबाईंनी विकत घेतलं. धने किती भाजायचे हे ती वासावरून ओळखायची. सुंदरराव आतल्या खोलीत पुस्तक वाचत असायचे, वासानं ठसका लागला की दार लोटून घ्यायचे. हीच त्यांची त्या धंद्यातली हालचाल. दार लोटून घेणं. आणि मग एके दिवशी बँकेत खातं काढायचं निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, सरांचं पॅन कार्ड आहेच, सर विवरणपत्र भरतातच, एकाच फॉर्ममध्ये पेन्शन आणि धंदा दोन्ही जातं, बाईमाणसाला कशाला कागदात ओढायचं. कोण म्हणालं होतं ते? सुंदररावांनी आठवून पाहिलं. त्यांना एकही चेहरा आठवेना, आणि मग एकदम भीती वाटली, की ते वाक्य त्यांचंच असावं.

पाटी रंगवली अभिमन्यू पेंटरनं. वर मोठ्या तांबड्या अक्षरांत 'तुळजा येसर व काळा मसाला' आणि खाली 'प्रो. प्रा. सुंदरराव धुळाजी देवकते'. गावातल्या प्रत्येक पाटीवर असतं तसंच: किराणा असो, केशकर्तनालय असो, मालकाच्या नावाआधी प्रो. प्रा. शब्द 'प्रोप्रायटर', कुणा पेंटरनं कधीकाळी तो मधूनच तोडला आणि दोन टिंबं दिली, मग सगळ्या जिल्ह्यानं ती टिंबं देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी सांभाळली. ग्रंथालयात सूचिपत्रावरचं एक टिंब चुकलं तर नवं कार्ड लिहिणाऱ्या सुंदररावांना ते दिसलं नसेल का? दिसलं होतं. प्रो. म्हणजे प्रोफेसर. प्रा. म्हणजे प्राध्यापक. एका ओळीत, दोन भाषांत, दोनदा. चौतीस वर्षं ज्या माणसानं प्राध्यापकांना खुर्चीवरून उठून पुस्तकं काढून दिली, ज्याच्या अर्जावर 'शैक्षणिक पात्रता अपुरी' असा शेरा पडला, ज्याला कुणी चुकून प्रोफेसर म्हटलं तर कानाच्या पाळ्या तापायच्या, त्याला पेंटरनं एका दुपारी दोन वेळा प्रोफेसर करून टाकलं होतं. परगावचा एक व्यापारी पाटी वाचून "प्रोफेसरसाहेब आहेत का?" असं विचारत आला, तेव्हा सुंदररावांनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. चहा दिला.

आणि म्हणून रतनबाईंना उत्तर गेलं नाही. जीवनच्या ऑफिसात, पंख्याखाली, त्यांना ते पत्र पाठ असल्यासारखं डोळ्यांपुढे आलं. साक्षरता वर्गात शिकलेलं गोल, जड अक्षर, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या. 'मालकीणबाईस नमस्कार. प्रदर्शनात तुमच्या शेजारी शेवयाचा स्टॉल माझा होता. माझ्या शेवया आता केज पर्यंत जातात. मालक म्हणतात माझा टॅक्सचा फॉर्म हायच त्यातच तुझं टाकू. कावून दोन पायजे. मी म्हणलं अंबाजोगाईच्या बाईनं सोताच्या नावावर केलंय. ते म्हणतात कागद दाखव. तर बाई तुमच्या नावाचा एखादा कागद आसल तर झेराक्स पाठवा. कोणताबी चालल.' सुंदररावांनी तेव्हा खरोखर शोधला होता कागद. लायसन्स बघितलं, वीजबिल बघितलं, बँकेचं पासबुक, मसाला दळायच्या मशीनची पावती, पुड्यावरचं लेबल. घरभर तुळजा लिहिलेलं होतं आणि एकाही कागदावर तुळजाबाई नव्हती. झेरॉक्स काढायला काही नव्हतं. मग पत्र शब्दकोशात गेलं.

"सर, ओटीपी आला का बघा," जीवन म्हणाला. "आधारवाल्या मोबाइलवर. तेवढा सांगा, झालं तुमचं. पंधरा मिनिटं चालतो."

मोबाइल खिशात थरथरला. सुंदररावांनी तो काढला, सहा आकडे बघितले आणि पडद्याकडे बोट केलं. "हे खाली काय लिहिलंय?"

"ते काही नाही सर. घोषणा असते. कुणी वाचत नाही."

"मी वाचतो," सुंदरराव म्हणाले आणि चष्मा वर करून पुढे वाकले. इंग्रजीत होतं. मी, धुळाजी यांचा मुलगा, गांभीर्यानं जाहीर करतो, की माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे ह्यात दिलेलं सगळं बरोबर आणि पूर्ण आहे. अकरा वर्षांत त्यांनी हे कधी वाचलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचणाऱ्या माणसानं हे मात्र बरोबर वाचायचं टाळलं होतं. धुळाजी यांचा मुलगा. धुळाजी आष्टीकडच्या माळांवर मेंढरं वळायचे, आणि पावसाळा संपला की आई, बायडाबाई, लोकर पिंजून सूत कातत बसायची, मांडीवर चातीचा घट्टा पडलेला. विणकराकडून घोंगडी विणून आली की वडील बाजारात न्यायचे. 'धुळाजीचं घोंगडं द्या, पाणी धरत न्हाई,' असं म्हणत गिऱ्हाईक यायचं. सूत पिळानं पाणी अडवतं, पीळ आईच्या बोटांचा होता. एकदा लहान सुंदरनं बाजारात मोठ्यानं म्हटलं होतं, "आईनं कातलंय," तर वडिलांनी मान खाली घातली होती आणि गिऱ्हाईक हसलं होतं, "बरं बरं, आई मदत करती व्हय!" हाच शब्द. साठ वर्षांत एक अक्षर बदललं नाही. तेव्हा ते पोर चिडलं होतं, वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत घरी आलं होतं. ते चिडलेलं पोर मध्येच कुठे पुस्तकात तोंड घालून बसलं, ह्याचा सुंदररावांना आत्ता संताप आला. फॉर्मचा आला, जीवनच्या खुर्चीच्या चाकांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या भित्र्या, नीटनेटक्या, वाचणाऱ्या डोळ्यांचा आला.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. आवाज फाटला. "धंदा माझा नाही. हिचा आहे."

जीवननं तुळजाबाईंकडे बघितलं. त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे आहेच की सर. घरचाच आहे."

"घरचा नाही. हिचा. तिथं माझं नाव काढ आणि हिचं लाव."

"असं नाही होत. बिलं तुमच्या नावाची, खातं तुमच्या नावाचं. आणि सर," जीवननं आवाज खाली आणला, "आता काकूंच्या नावावर केलं ना, तर तुमचा कर कमी होतो. वर बसलेला साहेब म्हणणार, कर चुकवायला बायकोचं नाव लावलं. परत मशीन तुमचं. ते तुम्ही काकूंना नुसतं देऊन टाकलं, तर त्याचं उत्पन्न फिरून तुमच्याच नावात धरतात. कलम आहे तसं."

सुंदररावांनी पडद्यावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. अकरा वर्षं खोटं लिहिलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आता खरं सांगायला निघालो तर ती चोरी! आणि कलमसुद्धा काय नेमकं शोधून ठेवलंय, नवऱ्यानं बायकोला दिलं तर काय हे लिहून ठेवलंय. तिचंच होतं आणि तो नुसता वर बसला होता, त्याचं काय, ह्याला कलम नाही. "मशीन हिच्या पाटल्या मोडून घेतलंय," ते म्हणाले.

"पावती कुणाच्या नावाची?"

पावती त्यांच्या नावाची होती.

"सर, ओटीपी सांगा. वेळ चाललाय."

सुंदररावांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी जिन्यात थुंकलं. जीवन एकदा म्हणाला, "सर," मग दुसऱ्यांदा "काकू, तुमी तरी सांगा." तुळजाबाई म्हणाल्या, "त्येंचा मोबाइल हाय. त्येंचा आकडा. म्या काय सांगू?" पडद्यावरची मिनिटं उलटी मोजत मोजत संपली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी समोर बसून मागितलेली वस्तू सुंदररावांनी दिली नव्हती.

मंडी बाजारातून घरी चालताना ते दोन पावलं मागे राहिले. नेहमी तुळजाबाई मागे असत, आज त्या पुढे होत्या, झपाझप, रागावल्यासारख्या. घरी आल्यावर पाटीखालीच थांबल्या. "चौथी पास हाय मी," त्या पाटीकडे बघत म्हणाल्या. "प्रो. प्रा. म्हंजे काय त्ये ठावं न्हवतं. पन त्याच्या फुडं कुणाचं नाव हाय त्ये वाचता येत हुतं. अकरा वर्सं वाचलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"कावून बोलू? पाटी लागली त्या दिशी तुमी दोनदा चप्पल घालून भाईर जाऊन बघून आलता. येवढं खूश तुमी मोहिनी झाली तवा बी न्हवता."

सुंदरराव आत गेले, खुर्ची ओढली, तिच्यावर चढले. लग्नाचा फोटो बाजूला करून शब्दकोश काढू लागले, तर मागून आवाज आला, "नांदूरघाटच्या बाईचं काढताव का? जपून. घडीवर फाटायला आलंय." ते खुर्चीवर तसेच उभे राहिले. तुळजाबाई बसून लसूण सोलायला लागल्या होत्या. "फोटो पुसताना पडलं, आखाजीला. दोन वर्सं झाली. वाचलं अन् परत ठिवलं. फुडल्या प्रदर्शनात भेटली ती. म्हन्ली, बाई, पत्र भेटलं का? म्या म्हन्लं, न्हाई बाई, पोस्टात गहाळ झालं आसंल. सोमनाथवर ढकललं म्या. गरीब बिचारा सोमनाथ."

"पण परत का ठेवलंस?"

"नाव माजं हुतं, पन ठिवलं तुमी हुतं," लसणाचं टरफल फुंकत त्या म्हणाल्या. "काढायचं बी तुमीच."

त्या बाईसमोर, शेवयांच्या आणि येसराच्या ढिगाआड उभं राहून, आपल्या बायकोनं आपली अब्रू झाकली. तिला खोटं बोलता येत नाही. बोलली की वरच्या ओठावर घाम येतो. तो घाम सुंदररावांना न बघता दिसला. ते खुर्चीवरून उतरले तेव्हा त्यांना बरं वाटत नव्हतं, आणि बरं वाटू नये असंच त्यांना वाटत होतं.

चौथ्या दिवशी दोघं पुन्हा जीवनकडे गेले. बोलायचं काय ते सुंदररावांनी एका कागदावर लिहून नेलं होतं आणि कागद न काढताच बोलले, अडखळत. आधी हिच्या नावानं उद्योगाची सरकारी नोंदणी, मग हिचं खातं, पुढच्या वर्षीपासून हिचं वेगळं विवरणपत्र. ते झाल्याशिवाय माझा ओटीपी मिळणार नाही. विवरणपत्राची एकतीस तारीख गेली तर गेली, दंड मी भरीन. जीवननं मशीनचा विषय पुन्हा काढला, तेव्हा तुळजाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि पिवळी पडलेली सोनाराची चिठ्ठी टेबलावर ठेवली. 'सौ. तुळजाबाई यांजकडून पाटल्या दोन, मोडीत.' तारीख मशीनच्या पावतीच्या आदल्या दिवसाची. सुंदररावांनी घरभर शोधून न सापडलेला तिच्या नावाचा कागद हा होता. तिनं दिलं त्याचा. मिळवलं त्याचा एकही नाही. जीवननं चिठ्ठी दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच मान खाली घालून म्हणाला, "ही जपून ठेवा काकू. विचारलं तर कामाला येईल." मग त्यानं नोंदणीचा फॉर्म उघडला आणि ह्या वेळी मोबाइल वाजला तो तुळजाबाईंच्या चंचीत.

"काकू, ओटीपी सांगा."

"सांगते की," त्या म्हणाल्या, पण लगेच नाही. मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले, मजेत एकदा नवऱ्याकडे आणि एकदा जीवनकडे बघितलं. "किती मिनटं चालतो म्हन्ला?" "पंधरा, काकू." "मग घाई कावून करतोस बे? अकरा वर्सं काढली, पंधरा मिनटं काढ." आणि मग सहा आकडे एकेक करून, भाजीवाल्याला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. प्रिंटरमधून कागद आला. उद्योगाचं नाव तुळजा येसर. मालकाच्या रकान्यात तुळजाबाई देवकते. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "वास बरा न्हाई ह्याचा," पण मग खाली ठेवला नाही.

ह्या वर्षीचं विवरणपत्र मात्र सुंदररावांच्याच नावानं गेलं. बिलं बदलत नाहीत. बरोबर आणि पूर्ण, असं त्यांनी आणखी एकदा जाहीर केलं, आणि आकडे सांगताना त्यांच्या तोंडाला कडू चव आली ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. चार कच्चे खर्डे फाडले, कारण चारही चांगले झाले होते. पाचवा साधा होता. 'रतनबाई, तुमचं पत्र पोस्टात गहाळ झालं नव्हतं. ते मी, तुळजाबाईंचा नवरा, लपवून ठेवलं. तुम्ही मागितलेला कागद तेव्हा आमच्या घरात नव्हता आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. आता आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुमच्या मालकांना दाखवा. उशीर झाला असेल तर दोष माझा आहे, सोमनाथ पोस्टमनचा नाही.' खाली तुळजाबाईंनी चौथीतल्या अक्षरात एक ओळ घातली: 'शेवयाला फॉर्म येगळाच पायजे. बिघडल्या तर तुझ्या बिघडू दे.'

पोस्टात खिडकीवर संगीता नावाची नवी कारकून होती. तिनं पाकीट उलटं करून पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. 'मालकीणबाई, तुळजा येसर, अंबाजोगाई.'

"नाव लिहा की काका. मालकीणबाई कोण?"

"तुळजाबाई देवकते," सुंदरराव म्हणाले. मागे रांगेत चार माणसं होती आणि त्यांतले दोघे त्यांना प्रोफेसर म्हणत. त्यांनी पेन काढून नाव घातलं, पूर्ण, एकही टिंब न देता.

"आणि तुम्ही कोण त्यांचे?"

सुंदररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी त्यांना मदत करतो," ते म्हणाले, मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. संगीतानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.